शीतगृह व पंपघरातील नियंत्रकांना जाळ्यातील पत्ते कसे द्यावेत?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी व चांदवड ह्या तालुक्यांत द्राक्षबागांच्या जोडीने पूर्वशीतकरणगृहे, शीतगृहे व स्वयंचलित ठिबक संच उभे राहिले आहेत. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ह्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीसारख्या मोठ्या संस्थेपासून तो दहा-वीस बागायतदारांनी मिळून चालविलेल्या लहान शीतगृहापर्यंत, पंखे, काँप्रेसर, पंप व झडपा आता नियंत्रकाच्या आज्ञेवर चालतात. ह्या नियंत्रकास कारखान्यातील मंडळी पीएलसी म्हणतात. तो प्रथम १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांसाठी तयार झाला. आज तोच आपल्या पंपघरात आला आहे.

संच बसविणारा कारागीर सर्व जोडण्या करून, यंत्र चालू करून निघून जातो. पुढे ऐन हंगामात एखादा घटक जळाला, नवा आणून बसविला, आणि दिवा लागूनही यंत्र बोलेना, असे झाले म्हणजे सर्वांची तारांबळ उडते. पुष्कळदा घटक चांगला असतो. त्यास पत्ता दिलेला नसतो, किंवा दुसऱ्याचाच पत्ता दिलेला असतो. हे काम समजण्यास कठीण नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शीतगृह चालविणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींनी ते समजून घ्यावे, ह्या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

पत्त्याची चूक महाग का पडते?

निर्यातीची द्राक्षे काढणीनंतर सहा ते आठ तासांत सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावी लागतात व नंतर शून्य अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. ह्या काळात पंखा थांबला तर देठ सुकतात, मणी मऊ पडतात. उलट तापमान शून्याच्या फार खाली गेले तर मणी गोठून फुटतात.

आता समजा, दोन खोल्यांच्या नियंत्रकांना चुकून एकच पत्ता दिला गेला. पडद्यावर दुसऱ्या खोलीचे म्हणून जे तापमान दिसते ते कधी दुसरीचे, तर कधी पहिलीचे असते. पहिली खोली थंड आहे, दुसरीतील पंखा बंद पडला आहे, आणि पाहणारा पडद्यावरील आकड्यावर विसंबून निश्चिंत बसला आहे. सकाळी दार उघडल्यावर नुकसान कळते.

पंपघरात तर जिवावरचा प्रसंग येतो. एकाच तारेवरील दोन पंपांच्या वेगनियंत्रकांचा क्रमांक एक असेल, तर पहिल्या पंपास दिलेली "चालू हो" ही आज्ञा दोघेही पाळतात. त्या क्षणी दुसऱ्या पंपाच्या कपलिंगवर कोणाचा हात असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून पत्त्यांचे काम कागदावर आधी व यंत्रावर नंतर करावे, आणि पंपास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे. पडद्यावर "बंद" असे दिसते एवढ्यावर विश्वासू नये.

पत्ता म्हणजे काय?

सातबारा पाहणाऱ्यास ही गोष्ट चटकन समजेल. गट क्रमांक ४५ म्हटल्याने शेत सापडत नाही. गावाचे नावही लागते. गट क्रमांक ४५ पिंपळगावातही असेल व वणीतही असेल. जाळ्यातील पत्ता ह्याच रीतीने बनतो. त्यात टिंबांनी तोडलेले चार आकडे असतात, व प्रत्येक आकडा ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ,

१९२.१६८.१०.११

ह्यातील पहिले तीन आकडे गाव व शेवटचा आकडा गट क्रमांक, असे समजावे. (येथे अंक मराठीत छापले आहेत; यंत्रावर ते इंग्रजी अंकांतच दाबावयाचे असतात.)

गाव कोठे संपते व गट कोठे सुरू होतो हे सांगणारी दुसरी ओळ असते, तीस सबनेट मास्क म्हणतात. २५५.२५५.२५५.० असा मास्क दिला म्हणजे जेथे २५५ आहे तो भाग गावाचा व जेथे ० आहे तो भाग गटाचा. लहान शीतगृहास हाच मास्क पुरतो. त्यात शेवटचा आकडा १ ते २५४ पर्यंत देता येतो. ० हा गावासाठीच राखलेला असतो व २५५ हा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी असतो. हे दोन कोणत्याही यंत्रास देऊ नयेत.

तिसरी ओळ गेटवेची. गेटवे म्हणजे गावाची वेस. गावातल्या गावात बोलावयाचे तर वेशीकडे जावे लागत नाही. बाहेर जावयाचे तरच जावे लागते. आपला राउटर ही ती वेस होय.

ह्याखेरीज प्रत्येक घटकावर कारखान्यातून कायमचा छापलेला एक क्रमांक असतो. तो मॅक क्रमांक होय. त्यात बारा चिन्हे असतात; ती ० ते ९ हे अंक व इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे ह्यांची बनलेली असतात. पत्ता बदलता येतो, हा क्रमांक मात्र माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा त्या घटकापाशीच राहतो. एका यंत्रास दुसऱ्याशी बोलावयाचे झाले म्हणजे ते गावात दवंडी पिटते, "अमुक पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक क्रमांक सांगून ओ देतो. एका पत्त्यास दोघांनी ओ दिली की घोटाळा सुरू झालाच.

आधी नोंदवही, मग यंत्र

पाण्याची पाळी वहीत लिहिल्याशिवाय चारीवर कोणी दार उघडत नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० च्या दशकाच्या आरंभापासून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्थांचे काम सभासद, क्षेत्र व पाळी ह्यांच्या लेखी नोंदीवरच चालते. पत्त्यांसही तीच शिस्त लावावी.

खाजगी जाळ्यांसाठी काही पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे व १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणासही आपल्या आवारात परवानगीवाचून वापरता येतात. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हे गाव वापरतात. यास्तव शीतगृहाच्या यंत्रांसाठी निराळे गाव निवडावे, म्हणजे पुढे कार्यालयाचा राउटर जोडला तरी टक्कर होत नाही. उदाहरणादाखल १९२.१६८.१० हे गाव घेऊन केलेली वाटणी अशी:

• १ : राउटर, म्हणजे वेस
• १० ते १९ : नियंत्रक. पूर्वशीतकरण १०, शीतखोली क्रमांक एक ११, शीतखोली क्रमांक दोन १२, पंपघर १३
• २० ते २९ : स्पर्शपडदे
• ३० ते ४९ : पंखे व पंप ह्यांचे वेगनियंत्रक
• ५० : कार्यालयातील संगणक
• ५१ : दुरुस्तीस येणाऱ्या कारागिराचा संगणक
• १०० ते १५० : राउटरने आपणहून वाटावयाचे पत्ते, भ्रमणध्वनी वगैरेंसाठी

अशी वाटणी केल्याने नुसत्या आकड्यावरून यंत्राची जात ओळखता येते व पुढील वाढीस जागा राहते. वहीत प्रत्येक यंत्रासाठी पाच रकाने ठेवावेत: यंत्राचे नाव व जागा, पत्ता, मास्क, मॅक क्रमांक, आणि बदलाची तारीख व बदलणाऱ्याची सही. मॅक क्रमांक घटक बसविण्यापूर्वीच लिहून घ्यावा. पुष्कळ घटकांवर तो कडेस छापलेला असतो व एकदा रॅकमध्ये बसविल्यावर दिसत नाही. वहीची एक प्रत पॅनेलच्या दारास आतून चिकटवावी.

पत्ता देण्याच्या चार रीती

कोणत्या घटकास कोणती रीत लागू आहे ते त्याच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. मुख्य रीती चार आहेत.

(१) फिरत्या बटणांची रीत. अॅलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक जातीच्या कित्येक इथरनेट घटकांवर तीन लहान गोल बटणे असतात. त्यांवर ००१ ते २५४ पैकी संख्या लावली की पत्ता १९२.१६८.१ ह्या गावातील त्या क्रमांकाचा होतो. येथे गाव बदलता येत नाही. आपले गाव निराळे असेल तर बटणे ह्या मर्यादेबाहेर, माहितीपुस्तकात सांगितलेल्या संख्येवर ठेवून पत्ता पुढील रीतीने द्यावा. वीज चालू होतानाच घटक बटणे वाचतो. मध्येच फिरविल्यास पुन्हा वीज येईपर्यंत परिणाम दिसत नाही.

(२) मागून घेण्याची रीत. बाजार समितीच्या दारात गाडी आली की तीस क्रमांक मिळतो, त्याप्रमाणे काही नवे घटक वीज मिळताच "मला पत्ता द्या" अशी हाक देतात. ह्या रीतीस बूटपी व डीएचसीपी अशी नावे आहेत. संगणकावर उत्पादकाने दिलेले साधन चालू केले म्हणजे हाक देणाऱ्या घटकाचा मॅक क्रमांक पडद्यावर येतो. तो वहीतील क्रमांकाशी ताडून पाहावा व मगच पत्ता द्यावा.

ह्या रीतीत एक पायरी पुष्कळांकडून राहून जाते. पत्ता दिल्यावर मागून घेण्याची सोय बंद करावी लागते, म्हणजे घटक तो पत्ता कायमचा लक्षात ठेवतो. ती बंद न केल्यास सर्व काही त्या दिवशी उत्तम चालते. पण पहिल्यांदा वीज जाऊन परत आली की घटक पुन्हा हाक देऊ लागतो, त्यास उत्तर देणारा संगणक तेथे नसतो, आणि यंत्र मुके होते. ग्रामीण भागात वीज जाणे-येणे नेहमीचेच असल्याने ही उणीव फार दिवस लपून राहत नाही, परंतु ती बहुधा रात्री उघडकीस येते. राउटरनेच पत्ते वाटावेत अशी योजना नियंत्रकांसाठी करू नये. राउटर बिघडला किंवा त्याने पत्ता बदलून दिला तर पडदा नियंत्रकास जुन्या पत्त्यावरच शोधीत राहतो.

(३) आज्ञावलीच्या साधनातून. सीमेन्सच्या एस ७-१२०० सारख्या नियंत्रकांत पत्ता हा यंत्ररचनेच्या आराखड्याचाच भाग असतो. संगणकातून आराखडा नियंत्रकात उतरविला की त्यातील पत्ता लागू होतो. म्हणून पत्ता बदलल्यास तो मूळ आराखड्यातही बदलून जतन करावा. तसे न केल्यास पुढील वेळी आराखडा उतरविताना जुना पत्ता परत येतो. आराखड्याची प्रत संस्थेकडे असलीच पाहिजे. ती केवळ कारागिराच्या संगणकात राहू देऊ नये.

(४) पडद्यावरून किंवा कळपट्टीवरून. खतसिंचनाचे लहान नियंत्रक व वेगनियंत्रक ह्यांत ही सोय असते. आकडे भरून झाल्यावर "जतन करा" ही कळ दाबावी व वीज एकदा बंद-चालू करून आकडे कायम राहिले काय ते पाहावे.

क्रमवार कृती

१. माल खोलीत नसताना किंवा हाताने चालविण्याची व्यवस्था लावून मगच काम हाती घ्यावे. पंपांचे मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे.

२. वहीतून मोकळा पत्ता निवडावा व त्यापुढे पेन्सिलीने घटकाचे नाव लिहावे.

३. संगणकास त्याच गावातील पत्ता द्यावा, जसे १९२.१६८.१०.५१, मास्क २५५.२५५.२५५.०. नव्या घटकाचा कारखान्यातील पत्ता निराळ्या गावचा असल्यास तेवढ्यापुरता संगणक त्या गावी न्यावा व काम झाल्यावर परत आणावा.

४. निवडलेला पत्ता खरोखर मोकळा आहे काय ते पिंग ह्या आज्ञेने पाहावे. उत्तर आले तर तो पत्ता कोणीतरी व्यापला आहे. पुढे जाऊ नये. उत्तर आले नाही तरी वही पाहावीच, कारण काही यंत्रे पिंगला उत्तर देत नाहीत व काही त्या वेळी बंद असू शकतात.

५. नवे घटक एका वेळी एकच जोडावेत. एकाच जातीच्या दोन नव्या घटकांचा कारखान्यातील पत्ता एकच असण्याचा संभव असतो.

६. पत्ता, मास्क व लागल्यास गेटवे भरावा. ज्या नियंत्रकास आवाराबाहेर बोलावयाचे कारण नाही, त्याचा गेटवे रिकामा ठेवणे बरे.

७. मागून घेण्याची सोय बंद करावी.

८. वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी व नंतर पिंग करून उत्तर पाहावे. ही पायरी कधीही गाळू नये.

९. पडद्यावरील आकडा त्याच खोलीचा आहे ह्याची खात्री करावी. त्यासाठी खोलीतील तापमापकाची काडी हातात धरून किंचित तापवावी व पडद्यावर कोणता आकडा चढतो ते पाहावे.

१०. वहीतील पेन्सिलीची नोंद शाईने पक्की करून सही करावी.

दोन तारांवरील जुनी पद्धत

सर्वच यंत्रे वरील पत्ते वापरीत नाहीत. तापमापक, वीजमापक व वेगनियंत्रक पुष्कळदा दोन तारांच्या वाहिनीवर मॉडबस ह्या भाषेत बोलतात. ही भाषा १९७९ सालची असून अजूनही सर्वत्र चालते. तिच्यात गाव नसते, नुसता क्रमांक असतो, व तो १ ते २४७ पर्यंत देता येतो. वाहिनीवर सामान्यतः ३२ यंत्रे व सुमारे १,२०० मीटर लांबी ही मर्यादा समजावी. वाहिनीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोधक बसवावा. मधल्या यंत्रांवर बसवू नये. सर्व यंत्रांवर बोलण्याची गती व पॅरिटी एकसारखी लावावी.

क्रमांक पुष्कळदा लहान खटक्यांच्या ओळीने लावावा लागतो. हे खटके वजनांच्या पेटीसारखे आहेत. पहिल्या खटक्याचे वजन १, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे ४, चौथ्याचे ८, पाचव्याचे १६, असे दुप्पट होत जाते. ११ क्रमांक हवा असेल तर ८, २ व १ ही वजने टाकावीत, म्हणजे पहिला, दुसरा व चौथा खटका वर करावा. कोणत्या बाजूचा खटका पहिला हे मात्र घटकावर पाहून घ्यावे.

दोष व उपाय

यंत्र कधी बोलते व कधी बोलत नाही, असे झाल्यास दोघांचा पत्ता एक असल्याचा संशय घ्यावा. संशयित घटकाची जाळ्याची तार काढून त्याच पत्त्यावर पिंग करावे. तरीही उत्तर आले तर दुसरा कोणी तो पत्ता घेऊन बसला आहे. संगणकावरील एआरपी ह्या आज्ञेने उत्तर देणाऱ्याचा मॅक क्रमांक कळतो. वहीत तो शोधला की यंत्र सापडते.

दिवा लागतो पण पिंगला उत्तर नाही, असे असल्यास प्रथम संगणकाचाच पत्ता व मास्क तपासावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्यास कोणीही पत्ता दिलेला नाही असे समजावे.

वीज गेल्यावर यंत्र मुके होत असल्यास मागून घेण्याची सोय चालू राहिली आहे. दिवाच लागत नसल्यास पत्त्याचा दोष नाही; तार, टोकाचा जोड किंवा वीजपुरवठा पाहावा.

वेशीचे दार उघडे ठेवू नये

घरबसल्या भ्रमणध्वनीवर पंप चालविता यावा म्हणून काही ठिकाणी नियंत्रक सरळ इंटरनेटवर उघडे केले जातात. ही सोय घातक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अॅलिक्विप्पा येथील पाणीपुरवठा संस्थेच्या एका पंपकेंद्रातील नियंत्रक परक्यांनी ताब्यात घेतला. अशा हल्ल्यांत इंटरनेटवर उघडे असलेले व कारखान्यातील परवलीचा शब्द न बदललेले नियंत्रक लक्ष्य होत असल्याचे तेथील सरकारने कळविले. तो शब्द "११११" असा होता. पाणीपुरवठा थांबला नाही, ह्याचे कारण कर्मचाऱ्यांना केंद्र हाताने चालविता आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इस्रायलमधील जॉर्डन खोऱ्यात शेतांच्या सिंचनाचे नियंत्रकही असेच बंद पाडले गेले.

ह्यावरून तीन नियम घ्यावेत. कारखान्यातील परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. दुरून पाहण्याची गरज असल्यास राउटरचे दार सरळ न उघडता व्हीपीएनसारखा सुरक्षित खाजगी मार्ग जाणकाराकडून करून घ्यावा. आणि हाताने चालविण्याचा स्विच व झडप प्रत्येक संचावर चालू स्थितीत ठेवून महिन्यातून एकदा तपासावी.

सारांश

एका यंत्रास एकच पत्ता व एका पत्त्यास एकच यंत्र, हा सर्व विषयाचा पाया होय. पत्ते वहीत लिहावेत, मगच यंत्रावर द्यावेत. दिल्यावर वीज बंद-चालू करून पारखून घ्यावेत. ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर व काढणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मधला काळ मिळतो. त्या काळात प्रत्येक शीतगृहाने व पाणीवापर संस्थेने आपल्या सर्व यंत्रांची अशी नोंदवही तयार करावी, जादा घटकास आधीच पत्ता देऊन व तो घटकावर चिकटवून कपाटात ठेवावा, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील संचांची एकदा पाहणी करावी. म्हणजे हंगामात रात्री घटक जळाला तरी हजर असणाऱ्या माणसास वही उघडून तो अर्ध्या तासात बदलता येईल, व खोलीतील माल वाचेल.